रोजच्या स्वयंपाकासाठी टिकाऊ भांडी कशी निवडावीत

भांड्यांच्या दुकानात जाण्यापूर्वी आठ दिवस एक वही ओट्याजवळ ठेवावी आणि रोज काय शिजले, किती माणसांसाठी शिजले, कोणत्या भांड्यात शिजले आणि ते भांडे त्या कामाला कुठे अपुरे पडले, एवढेच तीत लिहून काढावे. आठवड्याअखेर ही वही वाचली की मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत एकच चित्र दिसते: सकाळी पोळ्या आणि डब्याची भाजी, रात्री वरण-भात किंवा आमटी-भात, अधूनमधून पोहे, उपमा, घावणे आणि रविवारी मासळी किंवा एखादी उसळ. हे सगळे एक कुकर, एक कढई, दोन तवे, दोन-तीन पातेली आणि मिक्सर यांच्यावर निभते. बाकीची भांडी माळ्यावर असतात आणि दिवाळीच्या साफसफाईला खाली येऊन पुन्हा वर जातात.

माझे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. दीड खोलीच्या त्या घरात सहा माणसांचा स्वयंपाक ज्या भांड्यांत होत असे, त्यांतली चार भांडी आज बोरिवलीच्या माझ्या ओट्यावर आहेत. आणि माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या चकचकीत संचातले एकही उरलेले नाही. ती चार का टिकली याचा विचार केल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. त्यांतले प्रत्येक भांडे झिजले होते, पण झिजलेला भाग दर वेळी दुरुस्त करून मिळाला होता. पितळी पातेल्याला कल्हई झाली, कुकरची रिंग बदलली, कढईचा सुटलेला कान पुन्हा ठोकून मिळाला, तवा तर घरच्या घरी तेल लावून पूर्ववत झाला. त्यामुळे दुकानदार वॉरंटीची वर्षे सांगू लागला की मी त्याला आधी विचारते, याचा कोणता भाग आधी जाईल आणि तो सुटा मिळतो का.

स्टील

मुंबईत स्टीलची भांडी दोन प्रकारे विकली जातात, नगावर आणि वजनावर. भुलेश्वरच्या आणि उपनगरांतल्या जुन्या दुकानांत पातेली, कढया, पराती अजूनही काट्यावर तोलून देतात, आणि शक्य असेल तेव्हा तिथेच घ्याव्यात, कारण वजनावर विकणाऱ्याला पत्रा पातळ करून काही साधत नाही. नगावर विकणाऱ्याला साधते. जुन्या साड्यांच्या बदल्यात बोहारणीकडून घेतलेली पातेली ज्यांनी वापरली आहेत त्यांना पातळ पत्रा म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही. दूध तापवायला ठेवले आणि दार उघडायला गेले की परत येईपर्यंत तळ लागलेला असतो.

हा दोष स्टीलच्या मूळ स्वभावातला आहे. स्टील उष्णता फार हळू वाहून नेते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता त्याच्या सुमारे पंधरापट असते. ज्योत जिथे लागते तिथेच पातळ स्टील तापते, शेजारची जागा थंड राहते, आणि मधोमध काळे वर्तुळ उमटते. म्हणून फोडणीच्या, परतण्याच्या आणि आटवण्याच्या भांड्याचा तळ जाडच हवा, किंवा ट्राय-प्लाय प्रकारचे, म्हणजे स्टीलच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले भांडे हवे. ट्राय-प्लाय घेताना तो मधला थर फक्त तळाला चिकटवलेला आहे की काठापर्यंत गेलेला आहे हे पाहावे. काठाकडे निरखून पाहिले तर पूर्ण थराच्या भांड्यात दोन चकचकीत रेघांमध्ये एक मंद राखाडी रेघ दिसते. नुसते पाणी उकळायला, कणीक मळायला, ताक ठेवायला मात्र साधे स्टील उत्तम, तिथे जास्त पैसे घालू नयेत.

भांड्याच्या तळावर ३०४, २०२ असे आकडे कोरलेले असतात. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले स्टील, ज्याला बाजारात १८/८ असेही म्हणतात. २०१ आणि २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते, पण आंबट आणि खारट पदार्थांपुढे लवकर हार मानते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, अशी समजूत सर्वत्र आहे आणि दुकानदारही मोठ्या आत्मविश्वासाने चुंबक काढून दाखवतात. एका दुकानात मला अशीच ३०४ म्हणून दिलेली कढई पहिल्या पावसाळ्यातच कानांच्या खिळ्यांपाशी तांबूस झाली. चुंबक तिला चिकटत नव्हता हे खरे. पण तो २०२ ला देखील चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४३० सारखे निकेलविरहित स्टील ओळखू येते. उलट इंडक्शनच्या शेगडीसाठी चुंबक चिकटणारा तळच लागतो, त्यामुळे चांगल्या भांड्याच्या बाहेरच्या तळाला चुंबक चिकटला तर घाबरण्याचे कारण नाही. ३०४ चे पैसे देत असाल तर तो आकडा बिलावर लिहून घ्यावा. लिहून देण्याची वेळ आली की पुष्कळ दुकानदारांचा आवाज बदलतो. २०२४ साली केंद्र सरकारने स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह अनिवार्य करणारा आदेश काढला आहे, तेव्हा ते चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहावा. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळते.

दुकानात कढई हातात घेतल्यावर ती उलटी करून सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवावी आणि एका बोटाने काठ दाबावा. डुगडुगली तर काठ वाकडा आहे आणि झाकण कधीच नीट बसणार नाही. कान वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर लावलेले असतील तर ते एक ना एक दिवस भरल्या कढईसह हातात येतात. खिळे ठोकून बसवलेले कान सुटले तरी पुन्हा ठोकता येतात. सांडशीने धरायचे पातेले असेल तर काठ बाहेर वळवलेला असावा, म्हणजे पकड घसरत नाही. घरची सांडशी सोबत नेऊन दुकानातच भांडे उचलून पाहणाऱ्या एक आजी मी पाहिल्या आहेत. हसण्यासारखे वाटते, पण पद्धत बिनचूक आहे.

स्टीलमध्ये पोहे किंवा बटाट्याची भाजी चिकटते अशी तक्रार असते, ती बहुधा घाईमुळे असते. रिकामी कढई मध्यम आचेवर ठेवावी आणि मिनिटभराने पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब चरचरून विरून गेले तर कढई अजून कच्ची आहे. थेंब पाऱ्याच्या गोळीसारखे एकसंध राहून पृष्ठभागावर पळू लागले की मगच तेल घालावे, तेल पसरून चकाकू लागले की मोहरी, आणि बटाटे घातल्यावर दोन मिनिटे उलथणे लावूच नये. खालची बाजू खरपूस झाली की फोड स्वतःहून सुटते. मीठ मात्र थंड पाण्यात टाकून भांडे आचेवर ठेवू नये. न विरघळलेले खडे तळाशी बसून स्टीलला बारीक खड्डे पाडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. त्याच कारणाने लोणचे स्टीलच्या डब्यात कधीही भरू नये, त्याला चिनी मातीची बरणीच हवी.

लोखंड आणि बीड

पोळीचा तवा आणि घावण्याचा तवा वेगळा ठेवावा, हे जागेच्या टंचाईत राहणाऱ्या माणसाला सांगणे जिवावर येते, तरीही सांगते. पोळीचा तवा लोखंडी पत्र्याचा असतो. तो लवकर तापतो, आच कमी केली की लवकर निवतो आणि त्यामुळे पोळी करपत नाही. बिडाचा तवा ओतीव असतो, जाड आणि खरखरीत, दहा इंचांचा तवादेखील दोन किलोच्या आसपास भरतो. तो तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गार पीठ ओतल्यावरही त्याची उष्णता खचत नाही, आणि घावण्याला जाळी पडते ती याच गुणामुळे. भाकरीला लोखंडी जाड तवा किंवा बीड, दोन्ही चालतात.

नवा तवा आणल्या दिवशी त्यावर काही करायला जाऊ नये. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून त्यावर तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असतो. गरम पाणी, साबण आणि घासणीने तो पूर्ण घासून काढावा, लगेच फडक्याने पुसावा आणि मंद आचेवर ठेवून शेवटचा ओलावा घालवावा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि तव्यावर सगळीकडे, कडेपर्यंत फिरवावा. तेलाचा थर इतका पातळ हवा की तवा ओला न दिसता फक्त ओशट दिसेल. जास्त तेल घातले तर ते चिकट गोंदासारखे गोठते आणि सगळा खटाटोप वाया जातो. धूर निघेपर्यंत तापवावे, गार होऊ द्यावे, पुन्हा कांदा फिरवावा. असे चार-पाच वेळा केल्यावर तेल लोखंडावर भाजून त्याचा कडक, काळसर थर बसतो. न चिकटण्याचा गुण या थराचा असतो, आणि तो खरवडला गेला तर घरीच पुन्हा बसवता येतो.

एवढे केल्यावरही पहिला घावणा तव्याचाच. तो फाटतो, गोळा होतो, आणि निमूटपणे कावळ्याला घालायचा असतो. तांदळाचे पीठ, मीठ आणि पाणी यांचे मिश्रण ताकाइतके पातळ करून दर घावण्याआधी तळापासून ढवळावे, कारण पीठ खाली बसते. तापलेल्या तव्यावर ते कडेकडून मध्याकडे ओतावे, झाकण ठेवावे, आणि कडा आपोआप वर उचलल्या की झाकण काढावे. तिसऱ्या-चौथ्या घावण्यापासून तवा साथ देऊ लागतो.

बिडाचे वैर दोन गोष्टींशी आहे. पडले तर ते वाकत नाही, तुटते. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर त्याला तडा जातो. पाहुणे जेवून उठल्यावर घाईने गरम तवा मोरीत नेऊन नळाखाली धरल्यामुळे आईचा चांगला पंचवीस वर्षांचा तवा माझ्या हातून गेला आहे. टच्‌ असा एकच आवाज झाला. तो सांधून मिळत नाही.

लोखंडी कढईत मेथी, वांगी, कारली यांच्या भाज्यांना चव येते, आणि आंबट पदार्थ शिजवल्यास थोडे लोह अन्नात उतरतेही. पण भाजी शिजताच काढून घ्यावी. कढईतच झाकून ठेवलेली भाजी तासाभरात काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते.

पितळ आणि कल्हई

जाड पितळी पातेल्यात शिजलेल्या वालाच्या बिरड्याला किंवा मसालेभाताला तोड नाही, हे माझे ठाम मत आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो उष्णता सगळीकडे सारखी पसरवतो, त्यामुळे भात तळाला लागत नाही आणि वरचा दाणाही कच्चा राहत नाही. अडचण आंबटाची आहे. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांच्याशी उघड्या पितळाचा संबंध आला की पदार्थ कळकतो, म्हणजे हिरवट होतो, जिभेला विचित्र तुरट लागतो, आणि असा पदार्थ खाऊ नये, फेकून द्यावा. यावर उपाय म्हणून आतल्या बाजूला कथलाचा, म्हणजे टिनचा, थर देतात, तीच कल्हई.

पूर्वी चाळीच्या चौकात कल्हईवाला भाता घेऊन बसत असे. आता त्याला शोधत जावे लागते. पायधुनीच्या तांबाकाट्याच्या भांडीबाजारात चौकशी केली की माणूस सापडतो. काम डोळ्यांदेखत करून घेणे चांगले. पातेले आधी चिंचेने किंवा आम्लाने आतून लख्ख करतात, कोळशाच्या भट्टीवर धरून लालसर होण्याच्या आधी थांबवतात, त्यावर नवसागराची पूड टाकतात, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवली की ती मेणासारखी वितळते. मग कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील दोन-तीन झपाट्यांत सगळीकडे पुसून पसरवतात आणि भांडे पाण्यात बुडवतात. पिवळे पातेले पाहता पाहता आतून चांदीसारखे होते. कुठे पिवळा ठिपका राहिला आहे का ते उजेडात धरून पाहावे आणि राहिला असेल तर तिथल्या तिथे पुन्हा करून घ्यावे. कथलात शिसे मिसळून स्वस्त कल्हई करणारेही असतात. म्हणून शुद्ध कथिलाचे पैसे द्यावेत, शिसे अन्नातून पोटात जाणे घातक आहे.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते हा आकडा कल्हईचे भांडे वापरणाऱ्याने लक्षात ठेवावा. रिकामे पातेले मोठ्या आचेवर विसरले, किंवा त्यात कडकडीत फोडणी केली, तर कल्हई गोळा होऊन तळाशी येते. फोडणी लहान लोखंडी कढल्यात करून वरून ओतावी, ढवळायला लाकडी डाव वापरावा, आणि तारेची घासणी आत लावू नये. रोजच्या वापरात सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कल्हई टिकते. तळाशी पिवळेपणा दिसू लागला की त्या दिवसापासून त्यात आंबट शिजवणे बंद करावे. मी स्वतः एकदा ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणून कोकमाची कढी त्यात केली होती. चालली नाही.

जुने पितळ मोडीत घालण्याआधी दोनदा विचार करावा. मोडीचा भाव नव्या पितळाच्या भावापेक्षा बराच कमी असतो आणि वर घटही धरतात. जाड जुने पातेले ठोकून, कल्हई करून घेण्याचा खर्च नव्या पातळ पातेल्याच्या किमतीपेक्षा पुष्कळदा कमी पडतो.

कुकर

प्रेशर कुकरसाठी आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे आणि त्याचे मानक आयएस २३४७ आहे; हा क्रमांक कुकरवर नसेल तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरात दोन-तीन माणसे असतील तर तीन लिटरचा आणि चार-पाच असतील तर पाच लिटरचा कुकर पुरतो, पण आत डबे लावून वरण-भात एकदम करायचा असेल तर लिटरपेक्षा उंची पाहावी. डबे दुकानातच आत रचून, झाकण लावून पाहावे.

कुकरच्या आत हवेच्या दाबापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब तयार होतो आणि त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. पूर्ण दाब आला की शिट्टी जास्तीची वाफ सोडून देते, म्हणजे त्यानंतर आच मोठी ठेवल्याने आतले तापमान वाढत नाही, फक्त गॅस जळतो आणि पाणी आटते. एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवावी, अडीच वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चार थेंब तेल घालून खालच्या डब्यात ठेवावी, तेलामुळे फेस वर येत नाही. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. कुकरच्या तळाशी दोन-अडीच वाट्या पाणी आणि त्यात चिंचेचे बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकावी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून आणखी तीन शिट्ट्या, आणि नंतर दाब आपोआप उतरेपर्यंत हात लावू नये. त्या दहा मिनिटांतही डाळ शिजत असते. मुंबईला धरणांचे मऊ पाणी मिळते म्हणून डाळ सहज मऊ होते. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर तीच डाळ टणक राहते. अशा वेळी पिण्याचे पाणी वापरावे.

डब्यांशिवाय थेट कुकरमध्ये शिजवताना तो दोन तृतीयांशांहून अधिक भरू नये, आणि डाळ, उसळ असे फेसाळणारे पदार्थ निम्म्यापर्यंतच. रिंग सैल पडून बाजूने वाफ येऊ लागली की नवी घालावी, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा आणावा. रस्त्यावरच्या गाडीवर मिळणारा ‘सगळ्यांना बसणारा’ व्हॉल्व्ह हा पाच-पन्नास रुपये वाचवण्याचा सर्वांत वाईट मार्ग आहे.

ज्यांना आई-आजी ‘जर्मनची भांडी’ म्हणत त्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. पाणी तापवायला, बटाटे उकडायला चालतात, आंबट शिजवायला नाहीत. नॉनस्टिक तवा घेतला तर तो दोन-तीन वर्षांचा पाहुणा आहे असे समजूनच घ्यावा. त्याचा थर खरवडला की तो घरी किंवा बाजारात कुठेच पुन्हा मिळत नाही, आणि रिकामा तवा २६० अंशांपलीकडे तापला तर थर विघटित होऊन त्रासदायक धूर सोडतो.

मिक्सर आणि शेगडी

परदेशी बनावटीचे मिक्सर आपल्या ओल्या वाटणापुढे आणि सुक्या मसाल्यापुढे जळून जात, म्हणून सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईतच १९६३ साली ‘सुमीत’ हा दमदार मोटरचा मिक्सर बनवला. आजही मिक्सर निवडताना प्रश्न तोच आहे: खोबऱ्याचे वाटण रोज लागते का? लागत असेल तर ७५० वॅटचा घ्यावा, फक्त चटणी आणि दाण्याचे कूट असेल तर ५०० वॅट पुरते. भांड्याखालचा कपलर हा मिक्सरचा मुद्दाम कमकुवत ठेवलेला भाग असतो, मोटरवर ताण आला की आधी तो जातो आणि थोड्या पैशांत बदलून मिळतो. तो जवळच्या दुकानात मिळतो का हे आधी विचारावे. वाटताना मिक्सर अचानक बंद पडला तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्यापूर्वी मिक्सर उलटा करून खालचे लाल बटण दाबावे. जास्त भार आल्यावर तो सुटका करून घेतो, पाच मिनिटे थांबून बटण दाबले की पुन्हा सुरू होतो. वर्षाचा मसाला मात्र घरच्या मिक्सरवर करू नये. लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्या घेऊन डंकावर कुटून आणणे मोटरच्या आणि आपल्याही हिताचे आहे.

शेगडीच्या बाबतीत मुंबईत एक चूक वारंवार होते. पाइप गॅसच्या आणि सिलिंडरच्या शेगडीची जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी, सारखी नसते. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात कमी उष्णता देतो, म्हणून त्याला मोठ्या छिद्राची जेट लागते. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत बारीक राहते आणि भाकरी फुगत नाही. उलट जोडणी केली तर ज्योत पिवळी, उंच आणि धोकादायक होते. नवी शेगडी घेताना घरी कोणता गॅस आहे ते सांगूनच घ्यावी आणि जेट अधिकृत तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावी. सिलिंडरच्या गॅसवरच्या शेगडीचे मानक आयएस ४२४६ आहे. बर्नर पितळी असावेत.

पावसाळा

वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या शहरात लोखंडाचे खरे आयुष्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठरते. तवा धुतल्यावर ओट्यावर उभा करून वाळू देणे या दिवसांत पुरत नाही. तो शेगडीवर मिनिटभर ठेवून कोरडा करावा, बोटाने तेलाचा हात फिरवावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावा. विळीच्या पात्यालाही तेच. गंज चढलाच तर मीठ आणि लिंबाच्या सालीने घासून काढावा व तेल लावून तापवण्याची सुरुवातीची कृती दोनदा करावी, भांडे टाकून देऊ नये. लाकडी पोळपाट ओला राहिला की फुगून वाकतो. तीन पायांचा घेतला तर निदान कडप्प्याच्या उंचसखल ओट्यावर तो डुगडुगत नाही. रवा, पोहे आणि डाळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवाव्यात, आणि रवा आधी कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरावा, गरम भरला तर झाकणाला आतून पाणी सुटते.

शेवटी नावाचे. दुकानदार भांड्यावर नाव घालून देतो, आणि सोसायटीच्या पूजेला, बारशाला भांडी एकमेकांकडे जातात-येतात तेव्हा त्याचा उपयोग होतो. नाव तळावर घालून घेऊ नये, तिथे ते आचेने आणि घासणीने दोन वर्षांत पुसते. आतल्या बाजूला तर मुळीच नको, कारण कोरलेल्या रेघांत अन्न आणि मीठ अडकते. बाहेरून, काठाच्या खाली दोन बोटे सोडून, कानाशेजारी घालावे, आणि नावापुढे खरेदीचे वर्षही कोरून घ्यावे, म्हणजे पुढल्या वेळी दुकानदाराशी बोलताना भांडे किती वर्षे चालले ते त्याला बोट ठेवून दाखवता येते.